सगळ्यांना घेतलं की नाट्यशिबिराचा दर्जा घसरतो म्हणे

विंगेतली
तालीमवेडा यांनी काल लिहिलं की तरुण नटांच्या प्रशिक्षणात अपंग मुलांना घेतलं की बाकीच्यांचा वेग मंदावतो, त्यांच्यासाठी वेगळी शिबिरं असलेलीच बरी, आणि 'सर्वसमावेशक' वगैरे सगळं नवं खूळ आहे. दोन ओळींत उत्तर देणार होते, पण जमत नाही.

माझी धाकटी बहीण जन्मापासून अंध आहे. सतराव्या वर्षी ती एका शिबिराला गेली. दुसऱ्याच दिवशी आरशाचा खेळ होता, म्हणजे एकाने हालचाल करायची आणि समोरच्याने तशीच्या तशी. प्रशिक्षक तिला म्हणाले, "तू हे बसून बघ." बसून बघ! ती तासभर भिंतीला टेकून इतरांच्या पावलांचे आवाज ऐकत होती. तळव्याला तळवा लावून हाच खेळ होतो, समोरच्याचा भार, श्वास, थबकणं उलट जास्त कळतं. तिथल्या एकालाही ते सुचू नये? मग वेग कुणामुळे अडला?

आणि नवं खूळ कसलं? अमेरिकेत नॅशनल थिएटर ऑफ द डेफ १९६७ पासून आहे, ब्रिटनमध्ये अपंग कलाकारांची ग्रेआय ही नाट्यसंस्था १९८० पासून. ग्रेआयच्या नाटकांत सांकेतिक भाषा आणि अंध प्रेक्षकांसाठीचं श्राव्य वर्णन प्रयोगाआधी वरून चिकटवलेलं नसतं, ते नाटकाच्या बांधणीतच असतं.

तालीमवेडा
बहिणीच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण मी 'हाकला' असं कुठे लिहिलंय? तीस मुलं, प्रशिक्षक एक, दिवस दहा आणि शेवटी प्रयोग. हे गणित तुम्ही सोडवून दाखवा. मागच्या गटात एका मुलाला वाचायचा फार त्रास होता, पाठांतर होईना. शेवटी कानात यंत्र घालून दुसऱ्याने त्याला वाक्यं सांगायची असं ठरलं. मी तेव्हाही विरोध केला, आजही करतो. पाठांतर हा नटाचा पाया आहे. कानात सतत कुणी बोलत असेल तर समोरच्याचं ऐकायचं कधी?

जुना_प्रॉम्प्टर
बावीस वर्षं विंगेत संहिता धरून उभा आहे, म्हणून बोलतो. मोठमोठ्या नटांना पहिला शब्द दिल्याशिवाय स्वगत सुरू होत नसे. टाळ्या त्यांना मिळाल्या, पाया कुणी विचारला नाही. अनेक ऑपेरागृहांत तर रंगमंचाच्या पुढच्या कडेला प्रॉम्प्टरची वेगळी पेटीच असते. आम्ही कुजबुजलो तर परंपरा आणि यंत्र कुजबुजलं तर फसवणूक?

तालीमवेडा
अडलेल्याला शब्द देणं वेगळं, अख्खी भूमिका कानात ओतणं वेगळं. इतक्या वर्षांनी तुम्हाला हा फरक सांगावा लागतोय!

जुना_प्रॉम्प्टर
अख्ख्या भूमिका ओतल्यात मी. शिकवू नका.

कोरी_पाटी
डिस्लेक्सिया, म्हणजे वाचताना अक्षरं अडणं, मला आहे, म्हणून मध्ये पडते. वाचून माझं पाठ होत नाही, ऐकून होतं. शिबिरात पहिल्या दिवशी गोलात बसवून संहिता वाचायला लावायचे आणि त्यावरच भूमिका वाटायचे. मी दर ओळीला अडखळायचे. सलग तीन वर्षं पहारेकरी झाले, तोही मुका. चौथ्या वर्षीच्या दिग्दर्शिकेने आठवडाभर आधी संहिता ध्वनिमुद्रित करून दिली. पहिल्या तालमीला मला माझीच नाही, सगळ्यांची वाक्यं येत होती. तुम्ही वाचन तपासता आणि निकाल अभिनयाचा लावता.

तिसरी_घंटा
पाठांतरावरून खाली या. इथे दारातून आत जायची मारामार आहे. २०१९ मध्ये अॅली स्ट्रोकरला टोनी हा ब्रॉडवेचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीचा, पुरस्कार मिळाला, व्हीलचेअर वापरणारी पहिली अभिनेत्री. नाव पुकारलं तेव्हा ती प्रेक्षकांत नव्हती, विंगेत थांबली होती, कारण प्रेक्षागृहातून रंगमंचावर जायला रॅम्पच नव्हता. मी स्वतः दोन वर्षं जिन्याखाली कपडे बदललेत. रंगपट वरच्या मजल्यावर होता.

विंगेतली
तालीमवेडा, 'समोरच्याचं ऐकायचं कधी' याचं उत्तर राहिलं. २०१५ मध्ये डेफ वेस्ट या अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या नाट्यसंस्थेची 'स्प्रिंग अवेकनिंग' ही संगीतिका ब्रॉडवेवर झाली. कर्णबधिर नट सांकेतिक भाषेत बोलत आणि गात, त्यांचा आवाज दुसरे नट होत. कानाने न ऐकताही एंट्री चुकत नाही, कारण ते एकमेकांची नजर, स्पर्श आणि प्रकाशाच्या खुणा सतत टिपत असतात. तुमच्या तीस जणांत पाठ केलेलं घडाघडा म्हणून पुढच्या वाक्याची वाट बघणारे किती असतात, तेही मोजा एकदा.

तालीमवेडा
बरं. वाचनावरून भूमिका देणं चूक, तेवढं मान्य. ध्वनिमुद्रित संहिताही देईन. यंत्राचं मान्य नाही. आणि एका प्रशिक्षकाचं काय करायचं, ते अजून कुणीही सांगितलेलं नाही.

जुना_प्रॉम्प्टर
तुम्हीही सांगितलं नाहीत. त्या मुलाचा प्रयोग कसा झाला?

तालीमवेडा
दुसऱ्या अंकात यंत्र बंद पडलं. तो थांबला. समोरच्या मुलीने त्याचंच वाक्य प्रश्न करून त्याच्याकडे टाकलं आणि पुढचा प्रवेश त्याने स्वतःच्या शब्दांत रेटला. प्रेक्षकांना कळलं नाही. मला कळलं. संहितेतली चार वाक्यं गेली, हेही लिहून ठेवतो.

कोरी_पाटी
म्हणजे तो ऐकत होता.

विंगेतली
यंदा घेताय का त्याला?

तालीमवेडा
त्याचा अर्ज आलाय. दुसरा प्रशिक्षक मिळाला तर घेईन.

जुना_प्रॉम्प्टर
दहा दिवस मी रिकामा आहे. कळवा.