ऊसतोड टोळ्यांपर्यंत दवाखाना कसा न्यायचा? (शिरोळ तालुका)

शिरोळकर: नमस्कार मंडळी. गावच्या गायरानात बीडकडच्या टोळ्या उतरल्यात. गरोदर बायका आहेत, अंगावर पिणारी पोरं आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र लांब नाही, पण सकाळची ओपीडी सुरू होते तेव्हा सगळे फडात. बाई दवाखान्यात गेली की मुकादम अख्ख्या कोयत्याचा (नवरा-बायकोच्या जोडीचा) खाडा, म्हणजे गैरहजेरी, धरतो, म्हणजे नवऱ्याचीही मजुरी बुडते. ग्रामपंचायत मदतीला तयार आहे. सुरुवात कुठून करावी? आधारवर पत्ता तिकडचा आहे, त्यानं अडेल का?

उपकेंद्र_ताई: पत्त्यानं अडत नाही, कुणी अडवलं तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना थेट भेटा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे नाहीत. कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, तिथं हा नियम लागू नाही, तेवढं धरून चाला.

खरी अडचण वेळेची. त्यामुळं भेट अड्ड्यावर (टोळीच्या मुक्कामावर) आणि संध्याकाळी, चुली पेटल्यावरच ठेवा. सरपंचांनी वैद्यकीय अधिकाऱ्यांना तसं लेखी पत्र द्यावं. पत्रात कोप्या (मजुरांच्या झोपड्या) किती, गरोदर किती, पाच वर्षांखालची मुलं किती, हे आकडे हवेत. नुसतं 'शिबिर घ्या' लिहिलं की एक दिवस येऊन फोटो काढून जातात. आशाताईंनी आधी कोपी-कोपी फिरून यादी करावी.

गरोदर बाईचं माता-बाल संरक्षण कार्ड मागा. गावी राहिलं असेल तर तिथल्या आशाताईंना फोन लावून आरसीएच नंबर (सरकारी माता-बाल नोंदणीचा क्रमांक) घ्या, नवी नोंद करू नका. दुहेरी नोंद झाली की मातृवंदना योजनेचे पैसे अडकतात. हिमोग्लोबिन ७ ते ११ च्या मध्ये असेल तर लोहाच्या रोज दोन गोळ्या, ७ च्या खाली असेल तर थेट वरच्या दवाखान्यात. गोळ्या महिनाभराच्या एकदम द्या, टोळी कधी हलेल सांगता येत नाही. पहाटे चहाबरोबर गोळी घेतली तर लोह अंगी लागत नाही. रात्री जेवणानंतर घ्यायला सांगा, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी.

बाळाचा एखादा डोस चुकला असेल तर पहिल्यापासून सुरू करायचं नसतं. राहिलेला द्यायचा, पेंटा (पेंटाव्हॅलंट) लशीच्या दोन डोसांत चार आठवडे सोडायचे.

गट_ऑफिस: यादीसाठी कारखान्याच्या शेती विभागाला धरा. उद्या कोणती टोळी कुणाच्या फडात आहे हे चिटबॉयला (कारखान्याच्या तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाला) माहीत असतं. बैलगाडीवाले शक्यतो हंगामभर एकाच अड्ड्यावर राहतात, तिथं पंधरवड्याला फेरी जमते. ट्रॅक्टर-ट्रकवाल्या टोळ्या गावं बदलतात, त्यांना पहिल्याच भेटीत सगळं द्यावं लागतं.

खाड्याचं बोलणं ग्रामपंचायतीत, मुकादम आणि वाहतूकदार दोघांना समोर बसवून करा. उचल (मजुरांना आगाऊ दिलेली रक्कम) मुकादमाच्या अंगावर असते, त्यामुळं तो एकटा ऐकत नाही. साफसफाईसाठी कारखाना थांबतो तो दिवस तपासणीला उत्तम, त्या दिवशी कुणाचीच मजुरी जात नाही.

डॉक्टर_पंचगंगाकाठ: दोन गोष्टी जोडतो. पहिली, सर्पदंश. मण्यार रात्री कोपीत शिरते, चावा दुखतही नाही. पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं, पोटात दुखलं की १०८. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, जोडवी-बांगड्या काढा, हातपाय फळीला बांधून स्थिर ठेवा. जमिनीवर झोपणाऱ्यांना मच्छरदाणी द्या आणि कडा अंथरुणाखाली खोचायला शिकवा. हे काम लोकवर्गणीतूनही होतं.

दुसरी, पत्ता. १०८ ला फोन लावणाऱ्याला आपण कुठं आहोत हेच सांगता येत नाही. अड्ड्यावर ठळक फळा लावा: गाव, तालुका, जवळचं देऊळ किंवा डेपो. गाडी येईपर्यंत एक माणूस बॅटरी घेऊन डांबरी रस्त्यावर उभा राहू दे.

शिरोळकर: सगळ्यांचे मनापासून आभार. एक राहिलं. जानेवारीत सातवा महिना लागेल अशी एक बाई आहे. पट्टा पडायच्या (ऊसतोडीचा हंगाम संपायच्या) सुमाराला तिचे दिवस भरतील.

उपकेंद्र_ताई: तिला नवव्या महिन्यात ट्रॉलीतून गावी पाठवू नका, बाळंतपण इथंच होऊ दे. दर महिन्याच्या ९ तारखेला मोफत गरोदर तपासणी असते, तिथं न्या. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं आणि जेवण मोफत आहे. परत कोपीपर्यंत सोडायला गाडीही मिळते, ती सुट्टी मिळायच्या आधी मागा. टोळी पुढं गेली तर नवरा आणि एक बाईमाणूस मागं ठेवायचं मुकादमाकडून आत्ताच कबूल करून घ्या. नंतर कुणी थांबत नाही.