क्लोझचे गोल: उलगडून सांगा

मिरोस्लाव क्लोझ, जर्मनीचा स्ट्रायकर (गोल करणारा आघाडीचा खेळाडू): देशाकडून 137 सामने, 71 गोल, त्यातले 16 विश्वचषकातले. डोळे दिपवणारे गोल त्यात फार थोडे. मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्यांनी एकेक गोल सोडवून दाखवावा. किस्से नकोत, बारकावे हवेत.

—

2002 च्या विश्वचषकातले त्याचे पाचही गोल डोक्याने झालेले. सौदी अरेबियाविरुद्धच्या (8-0) तिन्ही हेडरपासून सुरुवात करा. मुलं दोन ठिकाणी हमखास चुकतात. क्रॉस (बाजूने गोलसमोर टाकलेला चेंडू) सुटायच्या आधीच धावत सुटतात, मग जागेवर उभं राहून उडी मारावी लागते. दुसरं म्हणजे चेंडू टाळूला लावतात आणि तो बारवरून जातो. चेंडू कपाळाच्या सपाट भागावर घ्यायचा, डोळे उघडे ठेवून, आणि जोर कमरेतून काढायचा. सुरुवातीला हलका चेंडू हाताने टाका, तोही मोजक्याच वेळा.

—

2010 चा विश्वचषक, ब्लूमफॉन्टेन, समोर इंग्लंड, 20 वं मिनिट. जर्मन गोलकीपर नॉयरची लांब गोलकिक, एक टप्पा, क्लोझने बचावपटू अपसनला अंगाने अडवलं आणि घसरत चेंडू आत ढकलला. गोलकिकवर थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो! स्ट्रायकरने बचावफळीच्या मागे उभं राहिलं तरी चालतं. मोठ्या मुलांनाही हे माहीत नसतं, तपासून बघा.

—

घानाविरुद्धचा गोल राहिला. 2014 चा विश्वचषक, फोर्तालेझा. 69 व्या मिनिटाला मैदानात आला, 71 व्या मिनिटाला गोल. सहकारी क्रूसचा कॉर्नर, हॉवेडेसचं डोकं, आणि पलीकडच्या गोलखांबापाशी पाय लांबवून घसरत आलेला 36 वर्षांचा क्लोझ. कॉर्नरवर सगळे पहिल्या चेंडूकडे धावतात, दुसऱ्यासाठी कुणीच उरत नाही. एकाला तिथे नेमूनच ठेवा. सोळावा गोल, ब्राझीलविरुद्धचा, तोही असाच: पहिला फटका गोलकीपरने अडवला, सुटलेला चेंडू क्लोझनेच परत मारला.

—

आकडे जरा बेतानं वापरा. बुंडेसलीगात (जर्मनीची अव्वल क्लब लीग) ब्रेमेनकडून 89 सामन्यांत 53 गोल, बायर्नकडून 98 मध्ये 24. माणूस तोच. ब्रेमेनमध्ये शेजारी दुसरा स्ट्रायकर आणि मागून चेंडू पुरवणारा प्लेमेकर होता. बायर्नमध्ये पुढे-पुढे तो बाकावरच जास्त दिसला. चेंडू पोचवणारं कुणी नसेल तर असा स्ट्रायकर कोरडाच राहतो.

—

एक गोल शिकवताना हमखास दाखवा, जो मोजलाच गेला नाही. सप्टेंबर 2012, इटलीतल्या लाझिओ क्लबकडून, नापोलीविरुद्ध. कॉर्नरवर चेंडू हाताला लागून आत गेला, रेफरीने गोल दिला, क्लोझने स्वतःच जाऊन त्याला सांगितलं. गोल रद्द. लाझिओ 3-0 ने हरली.