जीभ, तब्येत आणि मनाची टोचणी : तुमचे अनुभव लिहा

इथे कुणी कुणाला उपदेश करायचा नाही. आवडतं ते, मानवतं ते आणि मनाला पटतं ते, या तिघांना एका ताटात बसवताना तुम्ही काय सोडलंत, काय सुटलं नाही, कुठे चक्क चोरून खाल्लंत, तेवढं सांगा. सुरुवात मी करतो.

रक्तदाब वाढला आणि मीठ कमी करायचा हुकूम आला. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. एका सकाळी तेवढं मीठ वाटीत काढून ठेवलं आणि म्हटलं, आज माझं जेवण यातच. दुपारीच वाटीचा तळ दिसला. पहिले पंधरा दिवस प्रत्येक घास आजाऱ्याचा लागत होता. दोनेक महिन्यांनी एका मित्राकडे जेवायला गेलो, तर पहिलाच घास खारट! बाकीचे मिटक्या मारत होते. चिप्सचं पाकीट मात्र फोडलं की आजही संपेपर्यंत हात थांबत नाही.

*

माझं दुधाचं आहे. गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही, हे शाळेपासून माहीत होतं. पण वासरू नर निघालं तर त्याचं पुढे काय, हा प्रश्न पस्तिशीत एका गोठ्यात उभी राहिल्यावर पडला. विचारलं, तर मालकानं विषय बदलला.

घरी येऊन दूध बंद. दुसऱ्या दिवशी उकळत्या कॉफीत सोयाचं दूध ओतलं आणि ते फाटलं, वर पांढऱ्या गुठळ्या. कॉफी आंबट गुणाची, त्यात कडकडीत गरम, म्हणून. आता कॉफी जरा निवू देते, दूध कोमट करून कपात आधी घेते आणि कॉफी त्यावर बारीक धारेनं सोडते. बहुतेकदा जमतं.

चीज सुटलं नाही. त्यात पुष्कळ जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, हे उशिरा कळलं. म्हणजे ज्याच्यासाठी दूध सोडलं, तोच इथे पुन्हा भेटला. आता रेनेट सूक्ष्मजीवांपासूनचं आहे का, हे पाकीट उलटून वाचते. तर्काला धरून नाही, मान्य. नणंद विचारतेच, "मग दुधानंच काय पाप केलं होतं गं?" उत्तर नाही माझ्याकडे.

*

ब्रोकोली. लहानपणी "नाटकं करू नकोस" ऐकलं, अजूनही ती मला कडूच लागते. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पीटीसी नावाची पूड उडाली. सहकाऱ्याला ती कडूजहर लागली, फॉक्सला काहीच नाही. हा फरक बराचसा जनुकांतून येतो आणि ब्रोकोलीच्या कुळातल्या भाज्यांचा कडवटपणा कुणाला किती जाणवतो, यातही त्याचा हात असतो. हे वाचल्यावर आईला फोन केला. तिनं "बरं" म्हणून ठेवून दिला.

कडा करपेपर्यंत ओव्हनमध्ये भाजली की खाता येते. मीठ घातलं तर कडूपणा आणखी दबतो. म्हणजे वरच्या वाटीवाल्या दादांशी आमचं वाकडं.

*

मी मांस सोडलेलं नाही, आधीच सांगतो. रोजचं होतं, ते रविवारवर आणलंय. मधल्या दिवसांत मशरूम. मोठ्या तव्यावर सुटे पसरायचे, सुरुवातीला तेल नाही, मीठ नाही. पाणी सुटून आटू द्यायचं आणि तपकिरी झाल्यावरच तेल. घाईनं गर्दी केली की शिजतात, भाजत नाहीत, आणि तोंडात रबर येतं.

सॉसेज एका दिवसात सुटले. २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत गेलं, ती बातमी वाचून. प्राण्यांची कणव मला त्याआधी कितीतरी वर्षं येत होती हो, पण ती जेवणानंतर यायची.

*

आई ८४ वर्षांची, मधुमेह जुना. जेवण झालं की आइस्क्रीम मागते. मी साखरेवरून भावंडांना तासतास ऐकवणारी. रोज नाही म्हणायचे; मग ती चमचा पुसून ठेवायची, न वापरलेला. एकदा ते पाहिलं. आता डॉक्टरांना विचारून दोन चमचे देते. त्यांनी साखरेची नोंद ठेवायला वही दिली आहे, त्यात तेही लिहिते. भावाला मात्र सांगितलेलं नाही.