डोंगरातून जाणाऱ्या रेल्वेमार्गाचे जीवनचक्र मूल्यमापन : बांधकामाचा भार कसा धरावा?

प्रश्न : वारणाकाठ

नमस्कार. मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. वैभववाडी–कोल्हापूर या प्रस्तावित मार्गासारखा, सह्याद्री ओलांडून कोकण आणि देश यांना जोडणारा एकेरी रेल्वेमार्ग बांधला तर त्याचा पर्यावरणावर एकूण किती भार पडेल, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. रेल्वे ही रस्त्यापेक्षा स्वच्छ आहे असे आपण सगळेच धरून चालतो. परंतु हे विधान बहुधा इंजिनाला लागणाऱ्या डिझेलवर किंवा विजेवर बेतलेले असते. बोगद्याच्या अस्तरात गेलेले सिमेंट, रुळांचे पोलाद, खाणीतून आलेली खडी आणि डोंगरातून निघालेला राडारोडा यांचा हिशेब त्यात क्वचितच दिसतो.

माझ्या मार्गदर्शकांचे मत असे आहे की ६० वर्षांचा कालावधी धरला की बांधकामाचा वाटा आपोआप किरकोळ होतो, आणि म्हणून मी वाहतुकीच्या टप्प्यावरच भर द्यावा. घाटातल्या मार्गाच्या बाबतीत मला हे मनापासून पटत नाही, पण ते खोडून काढण्याइतका आधारही माझ्याजवळ नाही. हिशेबाची सीमा कोठे आखावी, आणि सविस्तर आराखडा हाती नसताना सुरुवात कशी करावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर : सह्यधार

आपली शंका योग्य आहे आणि ती सोडू नका. मिखाइल चेस्टर आणि अर्पाद होर्वाथ या अमेरिकेतील दोन अभ्यासकांनी २००९ मध्ये प्रवासी वाहतुकीचा असा हिशेब मांडला होता. पायाभूत सुविधा, वाहनांची निर्मिती आणि इंधनाचे उत्पादन हे सारे जमेस धरल्यावर ऊर्जा व हरितगृह वायूंचा भार नुसत्या वाहन चालवण्याच्या तुलनेत रस्त्यासाठी ६३ टक्क्यांनी, विमानासाठी ३१ टक्क्यांनी, तर रेल्वेसाठी तब्बल १५५ टक्क्यांनी वाढतो, असे त्यांना आढळले. याचा अर्थ रेल्वे वाईट असा मुळीच नाही. गाडी चालवण्याचा भार रेल्वेत इतका कमी असतो की बांधकामाचा वाटा त्यापुढे उठून दिसतो, आणि नेमके म्हणूनच तो वगळण्याची चूक रेल्वेच्या हिशेबात सर्वांत महागात पडते.

जीवनचक्र मूल्यमापनाच्या, म्हणजे बांधकामापासून अखेरपर्यंतचा सारा भार मोजण्याच्या, चौकटीसाठी आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही दोन आंतरराष्ट्रीय मानके पुरेशी आहेत. कार्यात्मक एकक, म्हणजे ज्या मापाला धरून सगळा भार मोजायचा ते माप, ठरवताना स्वीडनच्या बोत्निया मार्गाचे उदाहरण पाहावे. सुमारे १९० किलोमीटरचा हा एकेरी मार्ग २०१० मध्ये खुला झाला, आणि त्याच्या पर्यावरणीय घोषणापत्रात एक किलोमीटर मार्ग व ६० वर्षांचा कालावधी हे एकक धरले होते. आपणही आधी 'एक किलोमीटर मार्ग, ६० वर्षे' असा हिशेब करावा आणि मग तो वाहतुकीच्या टन-किलोमीटरमध्ये (एक टन माल एक किलोमीटर नेणे) उतरवावा. हा क्रम उलटा केला तर वाहतुकीच्या फुगवलेल्या अंदाजाखाली बांधकामाचा भार दडपला जातो, आणि नंतर तो कोणालाच सापडत नाही.

आता कागदावरचा ढोबळ हिशेब. ६० किलोच्या रुळाचे वजन मीटरला सुमारे ६० किलो असते, म्हणजे दोन रुळांचे मिळून किलोमीटरला १२० टन पोलाद लागते. भारतात तयार होणाऱ्या पोलादासाठी टनामागे अडीच टन कार्बन डायऑक्साइड धरला तर रुळांचे ३०० टन होतात. किलोमीटरला १,६६० काँक्रीटचे स्लीपर लागतात. त्यांचा साधारण ८० टन कार्बन डायऑक्साइड धरा. खडी दोन हजार घनमीटरच्या आसपास, म्हणजे तीन हजार टन लागते. ती फोडण्याचा व वाहून आणण्याचा मिळून ३० ते ४० टन कार्बन डायऑक्साइड होतो. खाण ५० किलोमीटरवर असेल तर डंपरचे डिझेल आणि क्रशरची वीज यांचा भार जवळजवळ सारखाच येतो, म्हणून खाणीचे अंतर ही नोंद कधीही चुकवू नये. एकंदर सपाटीवरच्या साध्या रूळमार्गाचा भार किलोमीटरला चारशे टनांच्या घरात जातो.

त्याच्या शेजारी बोगदा ठेवून पाहा. एकेरी बोगद्याच्या अस्तराला, खणताना जादा निघालेली पोकळी भरून काढण्यासह, मीटरला ८ घनमीटर काँक्रीट लागते असे मी धरतो. किलोमीटरला ८,००० घनमीटर, आणि घनमीटरमागे ३५० किलो कार्बन डायऑक्साइड म्हटले तर २,८०० टन झाले. यात पोलादी कमानी, शॉटक्रीट (भिंतीवर फवारलेले काँक्रीट), स्फोटके आणि वायुवीजन धरलेलेच नाही. सपाटीवरच्या साध्या रूळमार्गापेक्षा बोगद्याचे अस्तर एकटेच सातपट भारी आहे! कोकण रेल्वेच्या ७४१ किलोमीटरांत नव्वदहून अधिक बोगदे असून त्यांची एकत्रित लांबी सुमारे ८४ किलोमीटर भरते. सह्याद्रीच्या धारेवर चढणाऱ्या मार्गात बोगद्यांचे हे प्रमाण यापेक्षा जास्तच राहणार.

यावरून माझे मत असे की हे मूल्यमापन आखणी ठरण्यापूर्वी व्हायला हवे. चढ किती ठेवायचा, वळण किती त्रिज्येचे घ्यायचे, दरी भरावाने ओलांडायची की पुलाने, हे ठरले की भारही ठरून जातो. त्यानंतर उरते ते सिमेंटच्या प्रकाराचे गणित. तेही लहान नाही, कारण चुनखडीचा क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा भाजलेला मूळ घटक, होताना चुनखडीच्या वजनाच्या जवळपास ४४ टक्के कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि फ्लाय ॲश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (पोलाद भट्टीची मळी) मिसळल्याने तेवढा क्लिंकर वाचतो. तरीसुद्धा दोन किलोमीटरचा बोगदा टाळणारी आखणी त्याहून कितीतरी जास्त वाचवते.

उत्तर : निवृत्त मार्गनिरीक्षक

सह्यधार यांनी बांधकामाचा हिशेब नेमका मांडला आहे. मी रुळांवर उभे राहून नोकरी केली, म्हणून ताईंना देखभालीविषयी दोन गोष्टी सांगतो. '६० वर्षे' हा आकडा ऐकायला एकसंध वाटतो, पण मार्गाचा कोणताही भाग ६० वर्षे तसाच राहत नाही.

रुळाचे आयुष्य आम्ही वर्षांत मोजत नाही, त्यावरून गेलेल्या वजनात मोजतो. ६० किलोचा रूळ साधारण ८०० जीएमटी, म्हणजे ८०० दशलक्ष टन वजन गेल्यावर बदलायचा असा ठोकताळा होता. वर्षाला २० जीएमटी वाहतूक असेल तर तो ४० वर्षे टिकेल, ४० जीएमटी असेल तर २०. घाटातल्या तीव्र वळणावर मात्र बाहेरच्या रुळाची कड चाकांच्या घासण्याने कितीतरी आधी झिजते. तेव्हा वाहतुकीचा अंदाज वाढवला की टनामागे भार कमी होतो हे खरे असले, तरी त्याच वाढीव वाहतुकीने रूळही लवकर बदलावे लागतात. ही दुसरी बाजू मी वाचलेल्या प्रबंधांत सुटलेली असते.

खडीचेही तसेच आहे. नव्या मालातला दगड हातात घेतला तर त्याच्या कडा तळव्याला टोचतात. दहा वर्षांनी स्लीपरखालून काढलेला दगड गोटीसारखा गुळगुळीत झालेला असतो, आणि त्याच्याभोवती दगडाच्या भुकटीचा व मातीचा राखाडी लेप बसलेला असतो. असे दगड एकमेकांत अडकत नाहीत, पाणी निचरत नाही, आणि जुलैमध्ये गाडी गेली की स्लीपरच्या टोकाशी चिखल उसळतो. म्हणून दहा वर्षांनी किंवा ५०० जीएमटीनंतर सगळी खडी उपसून चाळायची आणि कमी पडेल तेवढी नवी टाकायची. ६० वर्षांत ही चाळणी पाच वेळा येते. तिच्या यंत्राचे डिझेल आणि नवी खडी दोन्ही धरावीत.

कोकणात याखेरीज डोंगरकापांची देखभाल आहे. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीने गाडी घसरून पन्नासहून अधिक माणसे गेली. त्यानंतर उतार सौम्य करणे, जाळ्या बसवणे, गॅबियनच्या (दगड भरलेल्या तारेच्या जाळ्यांच्या) भिंती बांधणे ही कामे वर्षानुवर्षे चालली. ऑगस्ट २०२० मध्ये गोव्यातील पेडण्याच्या बोगद्यात भिंत ढासळली आणि गाड्या दूरच्या मार्गाने वळवाव्या लागल्या. त्या वळवलेल्या गाड्यांचे जादा इंधनसुद्धा याच मार्गाच्या खात्यावर पडले पाहिजे, असे मला वाटते. जांभ्याच्या आणि मऊ मातीच्या पट्ट्यात बांधकामात केलेली काटकसर पुढे याच रूपाने बाहेर येते.

वारणाकाठ

आपणा दोघांची मनापासून आभारी आहे. जीएमटीचा मुद्दा माझ्या आराखड्यात नव्हताच. मार्गदर्शकांपुढे मांडता येईल असा प्रश्न आता एकच उरतो : बांधकामाचा हा भार किती वर्षांत फिटतो, हे कसे दाखवावे?

उत्तर : सह्यधार

एकच आकडा न देता दोन टोके दाखवा. समजा बोगदे, पूल व भराव मिळून सरासरी किलोमीटरला २,००० टन भार आला आणि वर्षाला ५० लाख टन निव्वळ माल जाणार आहे. ट्रकऐवजी रेल्वेने नेल्यास टन-किलोमीटरमागे ७० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वाचतो असे धरले, तर वर्षाला ३५० टन वाचून सहा वर्षांत भार फिटतो. पण हे सगळा माल खरोखरच रस्त्यावरून आला तर. त्यातला एकतृतीयांशच रस्त्यावरून आला आणि बाकीचा आधीही दुसऱ्या लोहमार्गानेच जात होता, तर १७ वर्षे लागतात. पद्धत तीच, मार्ग तोच, उत्तर तिप्पट.

कोकण रेल्वेवर १९९९ पासून भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेले जातात. रस्त्यावरून रेल्वेवर आलेला माल तिथे डोळ्यांना दिसतो, म्हणून हे उदाहरण उपयोगी आहे. मात्र तिथे ट्रकचे स्वतःचे वजनही गाडी ओढते, तेव्हा एकूण वजनालाच निव्वळ माल समजू नका. विजेवरच्या गाडीसाठी आज विजेच्या युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरावा आणि पुढच्या दशकांत तो आकडा उतरत जाईल असे गृहीत धरून दुसरा हिशेब ठेवावा. वीज जसजशी स्वच्छ होईल तसतसा एकूण भारात बांधकामाचा वाटा वाढत जाईल. मार्गदर्शकांच्या मुद्द्याला हे थेट उत्तर आहे.

उत्तर : झरा

एक गोष्ट वर आलेली नाही म्हणून लिहितो. मी भूजलाचे काम करतो. एकेरी बोगद्याचा छेद ४० चौरस मीटर धरला तर किलोमीटरमागे ४०,००० घनमीटर खडक निघतो, आणि फुटल्यावर फुगून तो ६०,००० घनमीटर होतो. दहा घनमीटरच्या डंपरच्या सहा हजार फेऱ्या! त्यांचे डिझेल आपल्या तक्त्यात येईल, पण तो राडारोडा ओढ्याच्या उगमाशी टाकला की एका पावसात खालच्या भातखाचरांत उतरतो, हे येणार नाही.

पाण्याचेही तेच. स्वीडनमधील हालांडसोस बोगद्यात पाण्याची गळती थांबवण्यासाठी वापरलेल्या रसायनातून १९९७ मध्ये ॲक्रिलामाइड हे विषारी द्रव्य ओढ्यांत व विहिरींत गेले, गुरे आजारी पडली आणि काम थांबले. १९९२ मध्ये सुरू झालेला तो बोगदा २०१५ च्या अखेरीस खुला झाला. कार्बनच्या एककात ही हानी मावत नाही. सह्याद्रीत तर वरच्या वाड्यांचे पिण्याचे पाणी कातळाच्या भेगांतून येणाऱ्या झऱ्यांवर असते. खालून बोगदा गेला आणि भेगेतले पाणी त्यात उतरले तर मार्चमध्येच वाडीला टँकर लागेल.

आपल्याकडे २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत रेल्वेमार्गांचा समावेश नाही; वनजमिनीची परवानगी लागते, पण संपूर्ण मार्गाचा अभ्यास त्या अधिसूचनेने बंधनकारक होत नाही. त्यामुळे आपल्यासारख्यांच्या प्रबंधांना महत्त्व आहे. मार्गरेषेच्या दोन्ही बाजूंच्या एक-एक किलोमीटर पट्ट्यातील झऱ्यांची यादी करा, एप्रिल-मे महिन्यांत बादली आणि घड्याळ घेऊन प्रत्येक झऱ्याचा प्रवाह मोजा, आणि ते आकडे कार्बनच्या तक्त्याशेजारी वेगळे छापा. काम सुरू होण्याआधीचे मोजमाप नंतर कोणालाही घेता येणार नाही.