बदकाच्या उपमा: कोणती टिकते, कोणती नाही?

पाटीपेन्सिल
सहावीच्या मुलांसाठी उपमा अलंकाराचा सराव तयार करते आहे. बदकावर तीन वाक्यं केलीत:
१) आजी बदकासारखी डुलत चालते.
२) बदकाच्या पाठीवरून पाणी ओघळावं तशी टीका त्याच्यावरून ओघळून जाते.
३) ती जणू तळ्यातल्या बदकासारखी शांत होती.
बदकं पाळणाऱ्या एका ओळखीच्यांनी दुसऱ्यावर हरकत घेतली. म्हणाले, बदकं चांगली चिंब भिजतात. खरं का?

खुराडा_कोकण
दोघांचंही खरं. शेपटीच्या मुळाशी, वरच्या बाजूला तेलाची ग्रंथी असते. बदक चोचीने ते तेल अंगभर फिरवतं. पण नुसत्या तेलाने भागत नाही. पिसाचे बारीक तंतू एकमेकांत आकड्यांनी अडकलेले असतात आणि मधे हवा कोंडलेली राहते, म्हणून पाणी आत शिरत नाही. ही वीण विस्कटली की बदक भिजतं.

विस्कटते कशाने? बहुतेकदा चिखल आणि अपुरं पाणी. प्यायला उथळ ताटली ठेवली तर बदकाला डोकं बुडवता येत नाही, अंग धुता येत नाही; पिसं चिकटून गुठळ्या होतात. डोकं पूर्ण बुडेल एवढं घमेलं ठेवा, पाणी रोज बदला, खाली कोरडा भुसा घाला. फार खराब झालेली पिसं मात्र झडून नवी येईपर्यंत सुधारत नाहीत. साबणाने धुऊ नका, तेलच निघून जातं.

यंत्रात उबवलेल्या पिल्लांची लव तर पटकन भिजते आणि ती गारठून मरतात. त्यांना चोच, नाकपुड्या बुडतील इतकंच पाणी, भांड्यात गोटे टाकून. पोहायला सोडायचं ते अंगावर पुरती पिसं आल्यावर, साधारण सात-आठ आठवड्यांनी.

मात्रावेलांटी
म्हणजे दुसरं वाक्य ठेवायला हरकत नाही. उपमेत उपमेय (जिची तुलना करायची ती गोष्ट), उपमान (जिच्याशी करायची ती), साधर्म्यवाचक शब्द (‘सारखा’, ‘तसा’) आणि साधारण धर्म (दोन्हींतला सारखा गुण) हे चार भाग. उपमान सगळ्या बाबतीत जुळायला नको, निवडलेला धर्म जुळला की झालं. अळवाचं पान पाहा: मेणचट थर आणि सूक्ष्म उंचवट्यांमुळे तिथेही पाणी ठरत नाही. पण ‘अळवावरचं पाणी’ म्हणताना आपण धर्म घेतो क्षणभंगुरतेचा, आणि बदकाच्या पाठीवरून घेतो तो परिणाम न होण्याचा. मुलांना ‘कोणता धर्म घेतलाय?’ एवढंच विचारा, पाठांतरापेक्षा जास्त कळेल.

तिसऱ्यात खरी चूक आहे. ‘जणू’ उत्प्रेक्षेचा शब्द, म्हणजे एक गोष्ट जणू दुसरीच आहे अशी कल्पना करणाऱ्या अलंकाराचा; ‘सारखी’ उपमेचा. दोन्ही एकत्र नकोत. ‘जणू’ काढा.

सांधेदुखी
पहिल्याबद्दल. बदकाचे पाय आखूड, एकमेकांपासून लांब आणि शरीराच्या मागच्या बाजूला असतात. पोहायला उत्तम, चालायला अवघड: एक पाय उचलला की तोल सांभाळायला अख्खं धड दुसऱ्या पायावर न्यावं लागतं. माणसातही कमरेच्या बाजूचे स्नायू दोन्हीकडे कमजोर झाले की नेमकं हेच होतं, म्हणून डॉक्टरही त्या चालीला बदकाचीच उपमा देतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतही चाल थोडी तशी होते. त्यामुळे उपमा अचूक आहे, पण आजीच्या दुखण्यावर वर्गात हसू येईल. नुकतं चालायला लागलेलं बाळ घ्या. तेही पाय फाकवून, डुलतच चालतं.

आणि ‘इंडियन रनर’ जातीची बदकं बाटलीसारखी ताठ उभी राहून चक्क धावतात, हे एखादा चौकस मुलगा सांगेलच.

पाटीपेन्सिल
आजीच्या जागी बाळ केलं, ‘जणू’ काढलं. तिसऱ्यात पुढे ‘पाय मात्र पाण्याखाली सारखे मारत’ असं जोडू का?

खुराडा_कोकण
‘सारखे’ नको. साचलेल्या पाण्यात बदक बराच वेळ नुसतं तरंगतं. पुढे जायचं असेल तेव्हाच पाय मारतं: मागे ढकलताना बोटांमधला पडदा उघडा, पुढे आणताना मिटलेला. ‘पोहणाऱ्या बदकासारखी’ लिहा, मग चालेल.