कांद्याला वेळ द्या

खर्च आवरला की जेवण बेचव होतं, असं तुम्ही म्हणता. माझा अनुभव वेगळा आहे. चव बहुतेकदा बिघडते ती परतताना केलेल्या घाईमुळे. कांद्यात पाणी असतं तोवर त्याचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच अडकून राहतं. ते उडून साधारण १४० अंश ओलांडले की मगच तो भराभर तांबूस होतो आणि खमंग लागतो. म्हणून कढईत गर्दी नको, पंधरा-वीस मिनिटं निवांत परता. एवढ्यानेच साध्या भाजीचा रस्सा ओळखू येणार नाही इतका बदलतो!

मसाले अख्खे आणि थोडे थोडेच आणा. दळलेल्यांचा वास लवकर उडतो. मसाल्यांचा सुगंध पाण्यापेक्षा तेलात जास्त उतरतो, तेव्हा आधी तेलात घाला.

वाळलेली कडधान्यं शिजल्यावर वजनाला दुपटीहून जास्त भरतात, त्यामुळे शिजवलेल्या डबाबंद कडधान्यांपेक्षा ती परवडतात. भाज्यांचे देठ मात्र मी कधीच टाकत नाही, उकळून त्यांचं पाणी रश्श्यात वापरते.

आणि पदार्थ सपाट लागला तर आणखी मीठ घालण्याआधी लिंबाचे चार थेंब पिळून बघा.