कॅम्परची स्टार्टिंगची बॅटरी बदलायचीय, मोठी घेऊ का? (इंदूर)

बंकवाला_इंदूर:
नमस्कार मंडळी. जुनी ट्रॅव्हलर (मिनीबस) घेऊन तिचं कॅम्पर करून घेतलंय, आत बंक, १२ व्होल्टचा छोटा फ्रिज, लाइटा, पंखे, आणि ह्या सगळ्यासाठी मागे वेगळी बॅटरी आहे. महेश्वर-मांडू होत असतं, दिवाळीत जरा लांब, बाकी गाडी सोसायटीत उभीच. त्रास असा की दोन-तीन आठवडे उभी राहिली की सेल्फ मारल्यावर नुसतं टक टक टक. मेकॅनिक म्हणतो बॅटरी गेली, ८० एएचची (ॲम्पिअर-अवर, म्हणजे किती साठवते ते) आहे ना मग १०० ची टाका, दुकानदार म्हणतो एजीएमच (सीलबंद, पाणी न लागणारी) घ्या, आणि आमचे बाबा म्हणतात रोज सकाळी दहा मिनिटं गाडी चालू ठेवली असतीस तर ही वेळच आली नसती. कोणाचं ऐकू? आणि डिझेलला सीसीए (थंडीत सेल्फला बॅटरी किती करंट देते तो आकडा) किती बघायचा असतो?

सुदामानगरचे_काका:
बाबांना नमस्कार सांग, पण दहा मिनिटांच्या आयडलने काही होत नाही रे. लेड-ॲसिड बॅटरी शेवटचा भाग फार हळू घेते, त्यामुळे आठवडाभर गेलेलं भरत नाही, उलट डिझेल जळतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा बायपासला पाऊण-एक तास पळव.

आणि आधी बघ तरी बॅटरी खरंच मेलीय का. रात्रभर चार्जरवर लाव, मग काढून चार-पाच तास तशीच राहू दे, मग मीटर लाव. १२.६ व्होल्टच्या वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ अर्धी, १२ म्हणजे पाव. नंतर सेल्फ मारताना कोणाला तरी मीटरकडे बघायला सांग, ९.६ च्या खाली गेली तर थकलीय. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसत असेल तर अल्टरनेटर ठीक.

हे सगळं बरं निघालं तर गळती शोध, म्हणजे गाडी बंद असताना कोण करंट खातंय ते. मला तीच वाटतेय, कारण तक्रार उभ्या गाडीची आहे. मीटर १० ॲम्पिअरच्या सॉकेटला, निगेटिव्हची क्लॅम्प काढून मीटर मधे घालायचा, दारं बंद, अर्धा तास थांबायचं (आणि ह्या वेळी चुकूनही सेल्फ मारू नकोस, मीटर जाईल). ५० मिलिॲम्पपर्यंत चालतं, पण तेही दिवसाला १.२ एएच आणि महिन्याला ३६ होतात. २०० असेल तर पंधरा दिवसांत ७२, म्हणजे तुझी ८० ची संपलीच. १०० ची टाकलीस तर तेच रडगाणं चार दिवस उशिरा. गळक्या नळाखाली मोठी बादली ठेवून नळ थोडाच दुरुस्त होतो?

माळवा_भटकंती:
काकांशी सहमत. सीसीएचं एवढं टेन्शन घेऊ नका, तो आकडा उणे १८ डिग्रीला मोजतात, ३० सेकंद व्होल्टेज ७.२ च्या वर राहून किती ॲम्पिअर मिळतात असा. स्पितीला जाणार असाल तर बघा, नाहीतर कंपनीने जे सांगितलंय त्याच्या खाली जाऊ नका, बस. आपल्याकडे थंडी नाही, मे महिना बॅटरी मारतो. ढोबळ हिशेब असा की दर १० डिग्रीला आयुष्य अर्धं. म्हणून बॅटरी इंजिनाच्या गरमीत बसत असेल तर एजीएमला जास्तीचे पैसे घालायला माझं मन होत नाही, साधी चांगली घ्या.

दुकानात साइज ट्रेमध्ये बसते का बघा, प्लस टर्मिनल डावीकडे की उजवीकडे ते बघा (उलटं निघालं तर केबल पोचत नाही आणि मग लोक ओढून-ताणून जोडतात), आणि बनवल्याची तारीख विचारा. सहा महिने रॅकवर पडलेली घेऊच नका.

राऊ_चा_ड्रायव्हर:
भिया एवढं कशाला, निगेटिव्हला कटऑफ स्विच लावा, गाडी उभी केली की बंद. फार तर टेपचं घड्याळ जाईल.

सुदामानगरचे_काका:
स्विच चांगलाच, पण इंजिन चालू असताना फिरवायचा नाही. आपल्याकडे काही मेकॅनिक अल्टरनेटर बघायला चालू गाडीची टर्मिनल उपटतात, तसलं कोणाला करू देऊ नका. व्होल्टेज एकदम उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड नाहीतर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जातो.

बंकवाला_इंदूर:
काका मोजलं, २१० मिलिॲम्प!! एकेक फ्यूज काढत गेलो तर ज्याने कॅम्पर बनवलं त्याने मागचं कंट्रोल पॅनेल आणि यूएसबीचे सॉकेट सरळ पुढच्या बॅटरीवरच घेतलेत. तो फ्यूज काढला की ३० वर येतंय. पण बॅटरी पण गेलीच आहे, चार्ज करूनसुद्धा सेल्फला ८.९ दाखवते.

सुदामानगरचे_काका:
सारखी पूर्ण उतरत राहिली की प्लेटांवर सल्फेट चढतं, स्टार्टिंगच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ, तिला हे सोसत नाही. पॅनेल मागच्या बॅटरीवर ने आणि दोन्हींच्या मधे व्होल्टेज बघणारा रिले (आपोआप चालणारा स्विच) टाक, तो साधारण १३.३ ला जोडतो, १२.८ ला तोडतो. मागची लिथियम असेल तर मात्र रिले नको, डीसी-डीसी चार्जर लागेल. नवी ८० चीच घे. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी.

बंकवाला_इंदूर:
मागची ट्यूब्युलर (पाणी घालावं लागतं ती लेड-ॲसिड) आहे. पाणी आरओचं चालेल ना? एसीचं पण जमतं म्हणतात.

माळवा_भटकंती:
दोन्ही नको. आरओमध्ये क्षार उरतातच, एसीच्या पाण्यात कॉइलची धूळ आणि धातू उतरतो. डिस्टिल्डच घाला, चार्ज झाल्यावर, खुणेपर्यंत, ॲसिड तर कधीच नाही. उन्हाळ्यात महिन्याला झाकणं उघडून बघायची. टर्मिनलवर पांढरं-हिरवं जमलं तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा, मग वॅसलीन. आणि जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, दुकानातच जमा करा, २०२२ च्या नियमांनी ती परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे आणि बिलातही सूट मिळते. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथेच मारून घ्या, उद्या येतो म्हणून सोडू नका.

बंकवाला_इंदूर:
शनिवारी सियागंजला जातो, जुनी घेऊनच.